दांड्या आणि वरची बाई

रोज संध्याकाळी मशीन बंद करण्याआधी भिंगवाले एक पान भिंतीवरच्या खिळ्याला अडकवायचे, नाकावरचा चष्मा काढून खिशात टाकायचे आणि मागे न बघता दारापर्यंत उलटे चालत जायचे. वाटेत एक स्टूल होतं. ते रोज पायाला लागायचं आणि रोज ते त्याला म्हणायचे, "तुला दुसरी जागा नाही का रे?" स्टूल मात्र त्यांनी कधी हलवलं नाही. दाराशी पोचले की चौकटीला पाठ टेकून पानाकडे बघत राहायचे. चष्म्याशिवाय त्यांना समोरचा माणूससुद्धा धड ओळखू यायचा नाही. पण एवढ्या लांबून, उघड्या डोळ्यांनी, पानावर काय चाललंय ते कळलं तर पान पास. नाही कळलं तर सकाळी नव्याने.

ही खोली डोळ्यांच्या दवाखान्याच्या मागच्या अंगाला होती. पुढे डॉक्टरीणबाईंची तपासणीची खोली, तिच्याबाहेर एक लांबलचक बाक, बाकासमोर फ्रेमा मांडलेला काउंटर, आणि काउंटरमागच्या पडद्याआड भिंगवाल्यांचा संसार: भिंगं घासायचं मशीन, त्यावर थेंबाथेंबाने गळणारं पाणी, खालच्या बादलीत साठणारा पांढरा गाळ, चष्म्याच्या दांड्या वाकवायला गरम रेतीचं भांडं. भिंग हातात आलं की ते आधी त्याचा मध्य शोधत आणि तिथे शाईचा बारीक ठिपका देत. मग त्या ठिपक्याच्या हिशोबाने भिंग कापायचं, घासायचं, फ्रेमीत बसवायचं, आणि शेवटी स्पिरिटच्या बोळ्याने ठिपका पुसून टाकायचा. "मधलं चुकलं तर चष्मा सुंदर दिसेल," ते काउंटरवरच्या ताईला सांगत, "पण घालणारा दोन दिवसांत डोकं धरून परत येईल. आणि शिव्या तू खाशील, मी नाही."

आणि फावल्या वेळात, जेवणाच्या सुट्टीत, ते कागदावर दांड्या नावाचा माणूस काढायचे.

दांड्याचा जन्म बाहेरच्या बाकावर झाला. भिंगवाल्यांची बायको तपासणीला आली होती आणि डोळ्यांत थेंब घालून तिला बसवून ठेवलं होतं. असे थेंब घातले की बाहुल्या मोठ्या होतात आणि काही तास जवळचं सगळं विरघळल्यासारखं दिसतं. वाचता येत नाही, फोन बघता येत नाही. नुसतं बसायचं. ती नुसतं बसणाऱ्यांतली नव्हती. तिने पडद्यातून आत डोकं घातलं.

"अहो, काहीतरी बघायला द्या. त्या मासिकात नुसत्या मुंग्या दिसतायत."

"गप्प बस की जरा वेळ."

"गप्प बसायला मी काय तुमचं मशीन आहे? तेसुद्धा घरघरतं."

भिंगवाल्यांच्या हातात एका चष्म्याची मोडकी दांडी होती. त्यांनी खोक्याचा पुठ्ठा ओढला, जाड मार्करने दांडीसारखीच एक उभी रेघ काढली, वर गोल डोकं, डोक्यात डोळ्यांचे दोन ठिपके, बाजूला चार काड्यांचे हातपाय. हातात एक छत्री दिली. दुसऱ्या चौकटीत वारा सुटला. तिसरीत छत्री उडाली. चौथीत छत्रीबरोबर तोही. बायकोने हात लांब करून पुठ्ठा धरला आणि तिला सगळं दिसलं.

"हा कोण?"

"दांड्या."

"बरं. मग पुढे?"

पुढे काय, याचा त्यांनी विचारच केला नव्हता. पण विचारणारं माणूस समोर बसलेलं असलं की पुढचं सुचतं. त्या दुपारी आणखी दोन पुठ्ठे संपले.

मग ती सवयच झाली. एका पानाला चार चौकटी, अशी दोन-तीन पानं. कोपऱ्यावरच्या दुकानातून त्यांच्या झेरॉक्स काढायच्या, घडी घालून पिन मारायची आणि गठ्ठा बाकावर ठेवून द्यायचा. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी अडवलंही नाही. थेंब घातलेली माणसं हात लांब करून दांड्या बघायची, आणि हलकेच पिशवीत टाकून घरीही न्यायची.

बायको जाऊन आता बरीच वर्षं झाली. शेवटच्या आजारात तिचा आवाज बसला होता. काही हवं असलं की ती चमच्याने पलंगावर टक टक करायची आणि भिंगवाले हातातलं तसंच टाकून "आलो गं" म्हणत धावायचे. ती गेल्यावर कितीतरी दिवस भांड्याला भांडं लागलं तरी त्यांच्या तोंडून "आलो गं" निघायचं. मग आपणच थांबायचे, आणि भांडं उगीच जरा आपटून जागेवर ठेवायचे.

त्याच वर्षी दांड्याच्या वरच्या मजल्यावर कुणीतरी राहायला आलं.

गोष्ट साधीच होती. दांड्या एका खिडकीच्या खोलीत एकटा राहतो. एका संध्याकाळी छतावर टक टक होतं. तो झाडूच्या दांड्याने खालून टक टक करतो. वरून उत्तर येतं. तो खुर्ची सरकवतो, तर वरही खुर्ची सरकते. वर कुणी बाई राहते एवढंच कळतं; ती कोण, कशी, काही पत्ता नाही. एकदा खिडकीसमोरून वरून एक मोजा पडताना दिसतो. दांड्या तो खाली जाऊन आणतो, धुतो, वाळवतो आणि फुग्याला बांधून वर सोडतो, पण फुगा चौकटीच्या बाहेर निघून जातो. जिना चढून जावं असं त्याच्या मनात रोज येतं, आणि रोज काहीतरी आडवं येतं. कधी दिवा जातो, कधी बूट सापडत नाही, कधी पोस्टमन.

बाकावरची माणसं या गोष्टीला लागली. वर्षभराने चष्म्याचा नंबर तपासायला आलेला माणूस आधी काउंटरवर विचारायचा, "त्या मोज्याचं काय झालं हो?"

भिंगवाल्यांची लेक लांब राहायची. रविवारी तिचा फोन यायचा.

"बाबा, जेवलात का?"

"जेवलो."

"काय जेवलात?"

"नेहमीचंच."

तिथून पुढे दोघांनाही वाट सापडायची नाही. एकदा तिने भीत भीत सांगितलं, "बाबा, यांनी तुमचा दांड्या नीट काढून दिलाय. छापूनच पाठवतोय." जावई जाहिरातींच्या कंपनीत चित्रं काढायचा, हात चांगला होता, मनही. गठ्ठा आला. गुळगुळीत रंगीत कागद. दांड्याला नाक, कुरळे केस, चौकड्यांचा शर्ट आणि पायाशी सावली. जावयाचं मन मोडू नये म्हणून भिंगवाल्यांनी तो बाकावर ठेवला.

थेंब घातलेल्या एका आजोबांनी तो जवळ धरला, लांब धरला. "ताई, यावर कसले डाग पडलेत?"

"सावली आहे ती, आजोबा."

ज्यांचे थेंब उतरले होते ते शेजारचे गृहस्थ म्हणाले, "चित्र झकास आहे. पण हा कोण? आपला दांड्या कुठंय?"

"हाच की तो."

"छे! याला मी ओळखत नाही. हा कुणाच्या तरी घरचा दिसतो. आपला दांड्या म्हणजे कसा, कुठल्याही घरात खपून जाईल असा."

रविवारी भिंगवाले लेकीला म्हणाले, "छान काढलंय गं त्यांनी. सांग त्यांना. फक्त थेंब घातलेल्यांना दिसत नाही." मग विचारलं, "तू वाचलीस का गोष्ट?"

"चित्रं बघितली ना, बाबा."

"हं," ते म्हणाले. "जेवलीस का?"

गोष्ट वाचणारं एक माणूस मात्र नेमाने यायचं. निवृत्त मास्तरीणबाई. नजर जाऊ नये म्हणून दर महिन्याला त्यांना डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागायचं. सोबत कुणी नाही. एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात पिशवी. इंजेक्शनच्या आधी थेंब, थेंबांनंतर बाक, आणि बाकावर दोन मिनिटं बसल्यासारखं करून थेट पडदा सारून आत, त्या वाटेतल्या स्टुलावर.

"अहो भिंगवाले, गेल्या महिन्यात या तुमच्या दांड्याची खिडकी डावीकडे होती."

"त्याने घर बदललं."

"आणि वरची शेजारीणसुद्धा बरोबर घेऊन गेला? शाब्बास!"

भिंगवाले हसायचे. महिन्यातून एकदा त्या खोलीत असं हसू ऐकू यायचं आणि बाहेर काउंटरवरची ताई काम थांबवून ऐकायची.

निघताना बाई नेहमी विचारायच्या, "मग पुढे? वरची बाई दिसणार कधी?"

"दिसेल की. घाई काय आहे?"

"घाई मला आहे, तुम्हाला नसेल," त्या एकदा म्हणाल्या आणि छत्री उचलून चालू लागल्या.

भिंगवाल्यांना ते कळत नव्हतं असं नाही. गठ्ठ्यातलं प्रत्येक पान ते बाईंसाठी थोडं जाड रेघेने काढायचे. दांड्याला त्यांनी केव्हाच जिन्यावर आणून ठेवलं होतं. पण शेवटच्या पायरीशी आला की त्यांचा हात थांबायचा, मार्करचं टोक वाळून जायचं, आणि दांड्या पुन्हा बूट शोधायला खाली यायचा. वरची बाई कशी दिसते हे त्यांना सुचत नव्हतं, हे एक झालं. दुसरं त्यांनी कुणाला सांगितलं नसतं. एकदा ते दार उघडलं की विचारण्यासारखं काय उरणार? गोष्ट संपल्यावर पडदा सारून आत कोण येणार?

म्हणून ते गोष्ट लांबवत राहिले आणि बाईंची नजर कमी होत राहिली.

एकदा बाई आत आल्या त्या भिंतीला हात लावत. स्टुलावर बसल्या, पण बघत होत्या त्या भिंगवाल्यांच्या खांद्यापलीकडे.

"द्या पान."

त्यांनी दिलं. बाईंनी ते जवळ धरलं, लांब धरलं, उजेडाकडे वळवलं.

"कोरं दिलंत का?"

भिंगवाले हसले, आणि मग हसायचे थांबले. "बाई, मधोमध दांड्या आहे. जिन्यावर."

"मधोमधच तर काही उरलेलं नाही माझ्याकडे."

"म्हणजे?"

"म्हणजे तुमच्याकडे बघितलं की तोंडाच्या जागी धूर. कान तेवढे दिसतात." बाईंनी मान तिरकी केली. "मोठे आहेत हो तुमचे कान. इतके दिवस लक्षातच नव्हतं आलं."

ज्या माणसाने जन्मभर चष्मे बसवले त्याला या दुखण्यावर जे सुचावं तेच भिंगवाल्यांना सुचलं. दिसत नाही ना, मग मोठं करा. पुढच्या महिन्यासाठी त्यांनी दांड्या एवढा मोठा काढला की एका पानावर तो एकटाच मावला. डोकं ताटलीएवढं, रेघ बोटाएवढी. पान भिंतीवर अडकवलं तेव्हा दारातूनच काय, पडदा सारला तर बाकावरूनही दिसत होतं. ते खूश होते.

बाईंनी ते बराच वेळ धरलं.

"काहीतरी काळं आहे," त्या म्हणाल्या. "धुरात आणखी धूर. कष्ट केलेत हो, पण माझं भोक बुजत नाही त्याने." पान त्यांनी मांडीवर ठेवलं. "डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून एकदा टोचून बघू. उपयोग नाही झाला तर मग नको."

"मग येणं नाही?"

"येऊन काय करू? बाक झिजवू?"

बाई गेल्यावर भिंगवाले बराच वेळ मशीन नुसतं चालू ठेवून बसले. पाणी गळत राहिलं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी स्वतःचा चष्मा काढला, दोन्ही भिंगांचा मध्य शोधला आणि ठिपका दिला. मग तो ठिपका मोठा करत नेला, पाच बोटं एकत्र केल्यावर टोकांचा जेवढा झुबका होतो तेवढा. आयुष्यभर ज्यांनी लोकांच्या चष्म्यांवरून ठिपका पुसला त्यांना तो असा थापताना बघून ताई पडद्यातच थबकली.

"भिंगकाका, हे काय?"

"थांब."

त्यांनी चष्मा घातला. समोर मोठा दांड्या होता, तो नाहीसा झाला. भिंत होती, खिळा होता, पानाच्या चारही कडा होत्या. मान वळवली. ताईच्या तोंडाच्या जागी काळं. कान दिसत होते.

"तुझ्या कानात डूल आहेत," ते म्हणाले.

"रोजच असतात."

"असं होय," ते म्हणाले, आणि एक कोरं पान पुढ्यात घेतलं.

मधली जागा रिकामी ठेवायची आणि गोष्ट कडेकडेने न्यायची, एवढंच करायचं होतं. पण हात ऐकत नव्हता. सवयीने तो दर वेळी मध्याकडे जायचा आणि पान वाया जायचं. कितीतरी पानं अशी गेली. हळूहळू जमलं. खालच्या डाव्या कोपऱ्यात दांड्याची खोली. तळकाठाने दार, व्हरांडा. उजव्या कडेने जिना, पायरीमागून पायरी. वरच्या काठाने एक लांब बोळ. आणि वरच्या डाव्या कोपऱ्यात, दांड्याच्या खोलीच्या बरोबर डोक्यावर, एक दार. या वेळी वाटेत पोस्टमन नव्हता आणि बूट पायातच होते.

दाराशी येऊन मार्कर पुन्हा थांबला. चमच्याचा तो टक टक आवाज एवढी वर्षं त्यांनी दांड्याच्या छताच्या वर ठेवला होता. आता उघडायचं म्हणजे उघडायचं. त्यांनी दार उघडलं. दारात एक रेघ, वर गोल डोकं, दोन ठिपके. अगदी दांड्यासारखीच. तिच्या एका पायात मोजा होता, दुसरा पाय उघडा, आणि हातात फुग्याची दोरी. फुग्याला दांड्याने धुतलेला मोजा. केस काढायला त्यांनी मार्कर टेकवला. अंबाडा की वेणी? बायको कधी अंबाडा घालायची, कधी वेणी. शेवटी शेवटी तर काहीच नव्हतं घालण्यासारखं. त्यांनी टोपण लावून टाकलं.

त्या दिवशी पान भिंतीवर लावून ते उलटे चालत गेले नाहीत. ठिपक्यांचा चष्मा घालून पानाच्या अगदी समोर उभे राहिले.

बाई आल्या. इंजेक्शन घेऊन आल्या होत्या की डॉक्टरीणबाईंनी नकोच म्हटलं होतं, ते भिंगवाल्यांनी विचारलं नाही. पान हातात दिलं आणि म्हणाले, "मधे बघा. शोधू नका, नुसतं मधे बघा."

"मधे धूर आहे."

"असू द्या धूर. कडेला काय आहे?"

बाई मधे बघत राहिल्या. थोड्या वेळाने त्यांचं बोट पानाच्या खालच्या कोपऱ्यावर आलं.

"खिडकी," त्या म्हणाल्या. "डावीकडे." बोट सरकलं. "टक टक. हा झाडू. दार... अहो, हा बाहेर पडला!" बोट उजव्या कडेने वर जाऊ लागलं आणि बाईंचा आवाज शाळेत नापास होता होता राहिलेल्या पोराचा निकाल वाचावा तसा झाला. "चढतोय. चढतोय हा. या वेळी नाही फिरत मागे." वरच्या काठाने बोट हळू हळू गेलं आणि कोपऱ्यात थांबलं.

मशीनवर पाणी गळत होतं.

"मोजा मिळाला तर हिला," बाई म्हणाल्या.

"मिळाला."

"एवढे दिवस तिच्याकडेच होता?"

"तिच्याकडेच."

बाईंनी मान थोडी तिरकी केली. "हिला केस नाहीत का हो?"

"राहिलेत काढायचे."

"राहू द्या. घाई काय आहे?" त्या हसल्या. मग पान घडी न घालता, सरळच पिशवीत ठेवत त्यांनी विचारलं, "मग पुढे?"

भिंगवाल्यांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "पुढे काय बाई? संपली गोष्ट."

"संपली कशी? दार तर आत्ता उघडलंय." त्यांनी छत्री उचलली, चुकून स्टुलाला धडकल्या, आणि "याला दुसरी जागा नाही का?" असं म्हणत पडद्याबाहेर गेल्या.

त्या पुन्हा दवाखान्यात आल्या नाहीत. येण्याचं कारणच उरलं नव्हतं, हे भिंगवाल्यांना ठाऊक होतं. तरी महिन्याचा तो दिवस आला की पडदा हलला तर ते मान वर करायचे. बहुतेक वेळा वाराच असायचा.

कधीमधी बाईंची भाची कामावरून परतताना काउंटरशी थांबायची. "मावशीने विचारलंय, मधलं रिकामं असलेलं पान झालं असेल तर द्या." ताई द्यायची. कारण भिंगवाले आता सगळीच पानं तशी काढायचे. कडेने दांड्या आणि वरची बाई दाराशी बोलत उभे असायचे, फुग्याची हवा जायची, दुसरा फुगा यायचा, चहा ठेवला जायचा आणि उतू जायचा. बाकावरचे लोक विचारायचे, "भिंगवाले, हे मधे काय राहिलंय?"

"कप ठेवायची जागा आहे ती," ते सांगायचे. आणि लोक खरंच ठेवायचे.

रविवारच्या फोनवर लेकीनेही एकदा विचारलं, मधे रिकामं का ठेवता. तिला मात्र त्यांनी कपाचं सांगितलं नाही. म्हणाले, "तू कडेने वाच गं, मग कळेल." तिने वाचलं की नाही, ते विचारायचं राहून गेलं.

हिवाळ्यातल्या एका सकाळी ते कामावर आले नाहीत. ताईने फोन केला, तो वाजत राहिला. दुपारी शेजाऱ्यांनी दार उघडवलं. झोपेतच गेले होते, चादरही विस्कटली नव्हती.

आदल्या संध्याकाळी काही वेगळं झालं नव्हतं, असं ताई सांगते. मशीन बंद झालं. स्टूल पायाला लागल्याचा आवाज आला. ती काउंटर झाकून पर्स उचलत होती तेव्हा भिंगवाले पडद्यातून बाहेर आले, चष्मा खिशातून काढून नाकावर चढवत. आत भिंतीवर पान लटकलेलं तिला दिसत होतं.

"झालं का, काका, आजचं पान?"

"झालंय," ते म्हणाले. "हिचे केस तेवढे राहिलेत. सकाळी आल्यावर काढतो."